३८,१६,५४,७२९ ह्या आकड्यात एवढं काय आहे?

दापोलीकर: गणपतीत आरतीच्या आधी लाईट गेली तेव्हा काकांनी पोरांना हा आकडा घातला, १ ते ९ सगळे अंक एकेकदाच, पहिल्या दोनांना (३८) २ ने भाग जातो, पहिल्या तिनांना (३८१) ३ ने, असं करत अख्ख्याला ९ ने, आणि म्हणे असा एकच आहे. खरं काय?

मालवणी मास्तर: खरं. पाचवा ५ च लागणार, सम जागांवर सम अंक. तिसरा विषम म्हटल्यावर ४ साठी चौथा २ नायतर ६, आठव्याचंही तेच, म्हणजे ४ नि ८ दुसऱ्या-सहाव्या जागी, आणि मधल्या तिघांची बेरीज ३ ने जायला हवी म्हणून मध्ये २५८ किंवा ६५४ च. ८ ची अट लावली की १० आकडे उरतात.

दापोलीकर: मग?

मालवणी मास्तर: ७ ने भागून बघा. नऊ गळतात.

डहाणूचा पोरगा: असल्या आकड्यांचा नाद आमच्या गावात जन्मलेल्या गणिती द. रा. कापरेकरांना, ६१७४ हा आकडा ज्यांच्या नावाने ओळखतात ते! शेवटी ० लावा, १० ने पण जातो :)

दापोलीकर: आणि ९ चं?

मालवणी मास्तर: बेरीज ४५, कसेही लावा, जातोच.