गाडीला सेल्फ लागत नाही: आधी घरी तपासावं की थेट मेकॅनिकला फोन?

मुळाकाठ:
पावसाळा लागला की आमच्या सोसायटीत अधूनमधून कुणाची तरी गाडी सकाळी चालू होत नाही. मग ठरलेला क्रम: जीव खाऊन सेल्फ मारायचा, वॉचमनला धक्का द्यायला बोलवायचं, शेवटी मेकॅनिक. तो म्हणतो बॅटरी गेली, आपण पैसे देतो. शेजारच्या काकूंना नुकतीच अशीच नवी बॅटरी घ्यायला सांगितली होती. बोनेट उघडून पाहिलं तर मायनसचा क्लॅम्प हाताने गोल फिरत होता आणि त्याखाली पांढरी-निळसर भुकटी साचलेली. क्लॅम्प काढला, कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासला, कोरडा करून आवळला. पहिल्याच सेल्फला गाडी लागली.

माझं ठाम मत आहे की पहिली दहा मिनिटं मालकाने स्वतः तपासलंच पाहिजे. गाडी काय दुखतंय ते आवाजाने सांगते. कटकटकटकट असा भराभर आवाज येत असेल तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. एकच ठसठशीत ‘टक्’ येऊन सगळं गप्प झालं, तर संशय सेल्फ मोटर किंवा तिच्या सोलेनॉइडवर (मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचवर) घ्यावा. काहीच आवाज नाही? ऑटोमॅटिक असेल तर गिअर पी किंवा एनमध्ये आहे का बघा, मॅन्युअल असेल तर क्लच पूर्ण दाबून बघा. आणि इंजिन मस्त गरागरा फिरतंय पण पेट घेत नाही, तर बॅटरीचा विषयच संपला. मग पेट्रोल, स्पार्क किंवा इमोबिलायझर (किल्ली ओळखली नाही तर गाडी चालू न होऊ देणारी चोरीविरोधी यंत्रणा). डॅशबोर्डवर किल्लीचं चिन्ह लुकलुकत असेल तर दुसरी किल्ली लावून बघा.

अजून एक. हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. लाइट एकदम मेला तर दोष बॅटरीत किंवा जोडणीत. लाइट जसाच्या तसा लख्ख आणि सेल्फ गप्प, तर वीज सेल्फ मोटरपर्यंत पोचतच नाहीये. याला पाना लागत नाही की पकड.

वायरमन:
मी पिंपरीत ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, त्यामुळे मी माझ्या धंद्याची बाजू घेतोय असं वाटेल. वाटू द्या. माझा अनुभव उलटा आहे. दहा मिनिटं तपासा म्हटलं की लोक तिथे थांबत नाहीत. जंपर केबल (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून वीज घ्यायची तार) उलटी लावून मेन फ्यूज उडवलेल्या, अल्टरनेटरचे (चालू इंजिनवर बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचे) डायोड जाळलेल्या गाड्या माझ्याकडे येतात. पाचशे रुपयांचं काम पंधरा हजारांवर जातं. पान्याचं एक टोक प्लसवर आणि दुसरं बॉडीला टेकलं की ठिणगी कशी उडते, ते पाहिलेला माणूस पुन्हा सहज हात घालत नाही. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो पेटतो.

शिवाय हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत मायनस टर्मिनलवरच बॅटरीचा सेन्सर असतो. सोडा-पाणी ओतून घासायची ती जागा नाही.

ठाणेकरीण:
वायरमन, मुद्दा पटतो, पण माझी गाडी बेसमेंटच्या दुसऱ्या मजल्यावर असते. तिथे फोनला रेंज नाही. रात्री ड्यूटीला निघताना गाडी लागली नाही, तर वर येऊन फोन करायचा, माणूस दीड तासाने येणार, गेटवर त्याची नोंद करायची, तोवर माझी शिफ्ट सुरू झालेली. मला ती पहिली दहा मिनिटं हवीच आहेत. पुश बटणाच्या गाडीत रिमोटचा सेल संपला तर बऱ्याच गाड्यांत रिमोट बटणालाच टेकवून धरला की गाडी चालू होते. हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, पण गाडी देताना शोरूममध्ये कुणीही सांगितलं नव्हतं.

साताराकर:
एवढा काथ्याकूट कशाला? चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबायचा, दोघांनी ढकलायचं, वेग आला की क्लच सोडायचा. आमच्या घाटात उतारावर लावलेली गाडी कधी अडली नाही.

वायरमन:
साताराकर, जुन्या डिझेल जीपला हे चालायचं, कारण तिचा पंप इंजिनवरच फिरायचा. आजच्या पेट्रोल गाडीत बॅटरी पार उतरली असेल तर पंपाला आणि ईसीएमला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) वीजच नाही. ढकलून दम लागेल, गाडी लागणार नाही. थोडी वीज शिल्लक असेल तर लागेलही, पण पेट न घेता पुन्हा पुन्हा ढकललं तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या बाजूला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातलं प्रदूषण कमी करणाऱ्या भागात) जातं आणि तो खराब होतो. बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या निकषाच्या) गाडीत तो भाग किती महाग पडतो ते विचारून बघा. ऑटोमॅटिकचा तर प्रश्नच नाही, ती धक्क्याने लागत नाही.

साताराकर:
माझी गाडी 2009 ची आहे. उतारावर लावणं मी सोडणार नाही. नवीन गाडीवाल्यांनी ऐकावं तुमचं.

मुळाकाठ:
वायरमन, उलटी केबल लावणारे आहेत म्हणून कुणीच काही मोजू नये, हे मला मान्य नाही. साधा मल्टिमीटर घ्या, बॅटरीच्या दोन टोकांना लावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 च्या आसपास म्हणजे निम्मी, 12 च्या खाली म्हणजे उतरलेली. यात काय जळणार आहे? गाडी चालू केल्यावर 14 च्या आसपास दिसलं म्हणजे अल्टरनेटर चार्ज करतोय. एवढं माहीत असलेल्या माणसाला कुणी उगाच बॅटरी विकू शकत नाही.

वायरमन:
आणि मग तोच माणूस मला सांगतो, “12.6 आहे, बॅटरी उत्तम आहे.” उभ्या बॅटरीचे व्होल्ट चांगले दिसतात आणि सेल्फसारखा लोड (ताण) आला की ती बसते. बॅटरीतला एक सेल (कप्पा) कमजोर असला तरी सकाळी आकडा छान येतो. तुमचा 14 चा आकडाही सगळीकडे चालत नाही. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर इंधन वाचवायला मधूनच चार्जिंग कमी करतो, मीटरवर 12.8 दिसतं आणि मालक धावत येतो की अल्टरनेटर गेला. स्टार्ट-स्टॉपवाल्या (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या) गाडीला ईएफबी किंवा एजीएम ही जास्त दमाची बॅटरी लागते. घरी निदान करून बाजारातून साधी बॅटरी आणून बसवतात आणि ती लवकर मरते.

मुळाकाठ:
लोडचं उत्तर सोपं आहे. एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने मीटर बघायचा. सेल्फ मोटर शंभर-दोनशे अँपिअर ओढते, घरी याहून मोठी परीक्षा कुठली? त्या वेळी आकडा साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरी किंवा तिचा चार्ज कमी. दहाच्या वर टिकून सेल्फ रेंगाळत असेल तर दोष पुढे, केबलमध्ये किंवा मोटरमध्ये. नव्या अल्टरनेटरचं मात्र तुमचं बरोबर आहे, तिथे एका आकड्यावर निकाल देऊ नये.

रत्नांग्रीकर:
अर्थिंगबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे खाऱ्या हवेने इंजिन आणि बॉडीमधली अर्थची (वीज बॅटरीच्या मायनसला परत नेणारी) पट्टी आतून कुजते. वरून आवरण ठीक दिसतं, आत हिरवा चुरा झालेला असतो. आमच्या गल्लीतल्या एका गाडीची बॅटरी बदलली, सेल्फ मोटरही उघडली, दोष तसाच. शेवटी मीटरची एक तार बॅटरीच्या मायनसच्या खुंटीला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारायला सांगितलं. दीड व्होल्ट! अर्धा व्होल्टसुद्धा जास्त मानतात. पट्टी बदलल्यावर प्रश्न मिटला. गॅरेजने ही चाचणी केलीच नव्हती. म्हणून मी मुळाकाठ यांच्या बाजूने.

आणि पावसाळ्यात बोनेट उघडून उंदरांच्या लेंड्या बघा. वायर कुरतडलेली सापडली की निम्मं निदान तिथेच झालं.

गॅसवाला_पुणे:
सीएनजीवाल्यांसाठी: कंपनीच्या बऱ्याच सीएनजी गाड्या चालू होतात पेट्रोलवर, मग गॅसवर जातात. लोक महिनोन्‌महिने पेट्रोल टाकीत थेंबभर ठेवतात. टाकीतला पंप पेट्रोलनेच गार राहतो, तो कोरडा चालून जळतो, मग बॅटरीला शिव्या. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद ‘घूंऽऽ’ असा आवाज यायला हवा. नाही आला तर आधी पंपाचा फ्यूज बघा.

वायरमन:
रत्नांग्रीकर, ती चाचणी अगदी योग्य. न करणाऱ्या गॅरेजची बाजू मी घेणार नाही. पण एक गोष्ट कुणी लिहिली नाही आणि ती सगळ्यात महाग पडते. पार्किंगमध्ये पाणी भरलं होतं आणि गाडी लागत नाही, तर एकदाही सेल्फ मारू नका. आवाज ऐकायला म्हणूनसुद्धा नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. अशा पुरानंतर पाणी ओसरलं की मालक पहिलं काम करतात ते सेल्फ मारायचं. पाण्यातून काढून चालू करताना इंजिन गेलं, तर साधी विमा पॉलिसी बहुधा हात वर करते, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. तिथे तुमची दहा मिनिटं नकोत, टोइंगवाला हवा.

मुळाकाठ:
पाण्याबद्दल शंभर टक्के सहमत. मूळ यादीत पहिला प्रश्न हाच हवा: पाणी शिरलं होतं का? डिझेलबद्दलही माझं तेच. इंधनाच्या पाइपात हवा धरली असेल तर जुन्या गाडीचा हातपंप मारून बघणं ठीक, पण कॉमन रेलच्या (नव्या डिझेल इंजिनातल्या जास्त दाबाच्या इंधन यंत्रणेच्या) पाइपांना घरी पाना लावू नये, दाब हजार बारच्या वर असतो. हायब्रिड-इलेक्ट्रिकच्या केशरी केबलला तर हातच नको.

टर्मिनल साफ करणं मात्र मी मालकाचंच काम मानतो. सेन्सर असेल तर सोडून द्या, नसेल तर करा. आधी मायनस काढायचा, लावताना मायनस शेवटी.

ठाणेकरीण:
जंपर केबलचा क्रम कुणीतरी नीट लिहा. गाडीत ठेवायला छापून घेते.

वायरमन:
लिहितो, कारण तुम्ही करणारच. दोन्ही गाड्या बंद, एकमेकींना टेकलेल्या नकोत. लाल: आधी उतरलेल्या बॅटरीचा प्लस, मग चांगल्या बॅटरीचा प्लस. काळी: आधी चांगल्या बॅटरीचा मायनस. शेवटचं टोक उतरलेल्या बॅटरीला नाही, बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. ठिणगी उडाली तर तिथे उडेल. मग चांगली गाडी चालू करा, पाच मिनिटं थांबा, नंतर तुमचा सेल्फ. काढताना उलट्या क्रमाने. बेसमेंटमध्ये गाडी चालू ठेवून तिथेच उभ्या राहू नका, धूर कोंडतो, वर उघड्यावर आणा. आणि दुसऱ्या दिवशी बॅटरी लोड टेस्टरवर तपासून घ्या, माझ्याकडे नाही तर कुणाकडेही.