मदत हवी आहे: कोड तपासणारं टूल खऱ्या ओपन सोर्स प्रकल्पांवर कसं पारखावं?

नमस्कार मंडळी,

सी भाषेतला कोड न चालवता, नुसता वाचून चुका शोधणारं एक टूल मी आणि माझा मित्र फावल्या वेळात लिहितो आहोत. सध्या ते दोनच गोष्टी बघतं. मेमरी मागणाऱ्या मॅलॉक या फंक्शनकडून आलेला पॉइंटर (मेमरीचा पत्ता) नल, म्हणजे रिकामा, आहे का हे न पाहता वापरलाय का, आणि फंक्शन मधूनच परत फिरताना घेतलेली मेमरी सोडायची राहिली आहे का. दोनच, पण त्या नीट जमाव्यात अशी मनापासून इच्छा आहे.

निस्ट या अमेरिकन मानक संस्थेच्या साइटवर मिळणाऱ्या ज्युलिएट या चाचणी-कोडच्या संचावर टूल छान चालतं. पण तिथे चुका मुद्दाम पेरलेल्या असतात आणि उत्तरंही सोबत असतात. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिट या प्रोग्रामचा सोर्स दिल्यावर मात्र वॉर्निंगचा पूर आला.

एक उदाहरण देतो. गिटमध्ये मॅलॉक थेट न वापरता एक्समॅलॉक वापरतात. मेमरी मिळाली नाही तर ते 'डाय' बोलावतं आणि प्रोग्राम तिथेच संपतो, म्हणजे पुढे नल तपासायचं कारणच उरत नाही. डाय परत येत नाही हे टूलला शिकवलं, तरी भागलं नाही. कारण आतलं मूळ फंक्शन एकच आहे आणि त्याला 'जेंटल' नावाचा पॅरामीटर जातो. तो शून्य असेल तर प्रोग्राम संपतो, नसेल तर नल परत येतो. म्हणजे कोणी कसं बोलावलं हे कळल्याशिवाय वॉर्निंग खरी की खोटी ते ठरत नाही.

लीकचं, म्हणजे न सोडलेल्या मेमरीचं, तर आणखी अवघड आहे. गिटची कमांड क्षणभर चालते आणि संपते, मेमरी ऑपरेटिंग सिस्टिम परत घेते. अशा जागा मुद्दाम सोडल्या आहेत हे सांगायला त्यांनी 'अनलीक' नावाचा मॅक्रोही केला होता. मग तिथली आमची वॉर्निंग बरोबर धरायची की चूक?

आणि जे सापडलंच नाही ते कसं मोजायचं? ज्यांनी हे काम केलं आहे त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

खरी-खोटी असे दोनच कप्पे करू नका. 'कोडबद्दलचं विधान बरोबर, पण दुरुस्तीची गरज नाही' असा तिसरा ठेवा. अनलीकवाल्या जागा त्यात जातील. सगळ्या वॉर्निंग वाचत बसू नका. यादृच्छिक नमुना काढा, दोघांनी एकमेकांचं न बघता निकाल द्या. जिथे मतभेद होतील तिथेच टूलचा संदेश तोकडा आहे असं समजा.

न सापडलेल्या चुकांसाठी प्रकल्पाचा इतिहास वापरा. 'मेमरी लीक दुरुस्त' अशा अर्थाचे कमिट (नोंदवलेले बदल) शोधा. त्याच्या आधीच्या कोडवर टूल ओरडलं पाहिजे, नंतरच्यावर त्याच जागी गप्प बसलं पाहिजे. सगळं मोजमाप होणार नाही, पण ज्युलिएटपेक्षा हे कितीतरी खरं आहे.

प्रत्येक प्रकल्पाचा कमिट पक्का करून ठेवा, नाहीतर आकडा टूलमुळे बदलला की कोडमुळे ते कळणार नाही. आणि बिल्डचे खरे फ्लॅग (कंपायलरला दिलेले पर्याय) घ्या. 'बेअर' हे टूल बिल्ड चालू असताना कंपायलरच्या कमांड टिपून ठेवतं. त्याशिवाय इफडेफ (कोणता कोड घ्यायचा ते ठरवणाऱ्या अटी) चुकीचे उघडतात आणि तुम्ही भलताच कोड तपासत बसता.

पायथॉन कोडमधले टाइप तपासणाऱ्या मायपायवाल्यांचं 'मायपाय प्रायमर' जरूर बघा. प्रत्येक बदलानंतर ते बऱ्याच खऱ्या प्रकल्पांवर मायपाय चालवतं आणि आधीच्या व आताच्या निकालातला फक्त फरक दाखवतं. रोज वाचायला तेवढंच पुरतं.

प्रतिसाद २

तपासायच्या प्रकल्पांच्या यादीत एसक्यूलाइट हा डेटाबेस घ्याच. त्यांच्या चाचण्यांमध्ये मेमरीची मागणी पाळीपाळीने मुद्दाम अयशस्वी करून प्रोग्राम सावरतो का ते पाहतात. त्यामुळे तिथे तुमच्या नलच्या वॉर्निंग आल्या तर बहुतेक खोट्याच निघतील, आणि तेच तुम्हाला मोजायचं आहे. सगळा कोड एकाच फाइलमध्येही मिळतो, दोन लाखांहून जास्त ओळींची. टूलचा वेगही कळेल.

एक कळकळीची विनंती. वॉर्निंगची यादी जशीच्या तशी मेंटेनरना (प्रकल्प सांभाळणाऱ्यांना) पाठवू नका. एसक्यूलाइटवाल्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की स्टॅटिक अ‍ॅनालिसिसने (कोड न चालवता तपासून) जितके बग सापडले त्याहून जास्त बग वॉर्निंग घालवण्याच्या नादात शिरले. डेबियन या लिनक्स आवृत्तीत 2006 साली मेमरी तपासणाऱ्या व्हॅलग्राइंडच्या तक्रारीवरून ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीतला कोड काढला गेला. त्याने कीज बनवताना लागणाऱ्या यादृच्छिकतेचा आधारच गेला, उरला फक्त प्रोसेस आयडी, म्हणजे 32,768 शक्यता. 2008 च्या मे महिन्यात ते उघड झालं तेव्हा लोकांना एन्क्रिप्शनच्या कीज नव्याने बनवाव्या लागल्या. तुम्ही पाठवाल त्या प्रत्येक बगला तो घडवून दाखवणारी छोटी चाचणी जोडा. ती जमत नसेल तर पाठवू नका.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. तिसरा कप्पा आजच जोडतो आणि जुन्या कमिटची यादी करायला घेतो. सुरुवात एसक्यूलाइट आणि गिटपासून. निकाल देताना मित्र आणि मी दोघेही टूल लिहिणारेच, त्यामुळे आमचा कल आपसूक टूलकडे झुकेल अशी भीती वाटते. सी वाचता येणारं कोणी नमुन्यातल्या थोड्या वॉर्निंग त्रयस्थपणे तपासून देईल का? टूलचं मत आधी दाखवणार नाही, फक्त फंक्शन आणि ओळ देईन. इथेच कळवा.