त्याग पोराचा आणि कापूस बापाचा

स्पर्धा परीक्षेत पास झालेल्या एकानं लिहिलंय, मोबाईल सोडला, लग्नकार्यं सोडली तेव्हा कुठं यादीत नाव आलं. ते पटलं. आमच्याकडे पोलीस भरतीची पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटर पळतात, त्यांचंही तेच. पण "त्याग ज्याचा त्यानंच करायचा असतो" हे त्याचं म्हणणं काही मान्य नाही.

धाकटा भाऊ एमपीएससीसाठी पुण्यात होता. खोलीभाडं, मेस, अभ्यासिका, सगळं महिन्याच्या महिन्याला. इकडे कापसाचा पहिला वेचा दसरा-दिवाळीत, तोही ओला. सीसीआय, म्हणजे सरकारचं कापूस महामंडळ, हमीभाव देते तो 8 टक्के ओलाव्याला. त्यावर कपात, आणि 12 च्या वर गेला की गाडी परत. 2024-25 ला लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 7521 रुपये होता. तो घ्यायचा तर कापूस वाळवा, घरात साठवा, नंबर लावा, मग पैसे खात्यात यायची वाट पाहा. मेसवाला कशाला थांबतो? खेडा खरेदीवाला मात्र दारातच काटा लावतो अन् रोख मोजतो, अर्थात भाव पाडून. बाबा दरवर्षी त्यालाच द्यायचे.

यंदा भाऊ तालुक्याच्या अभ्यासिकेत बसतो, डबा घरून जातो. त्यामुळं कापूस थांबवता आला. समोरची खोली छतापर्यंत भरली आहे, झोपायला ओसरी, आणि अंगाला खाज सगळ्यांच्याच.