थंडी दरीतच जास्त

डोंगरात घर घेण्याबद्दल कुणीतरी म्हटलंय की उतारावर टांगून घेण्यापेक्षा खाली दरीत, बाजार-दवाखान्याजवळ राहावं. सोयीचं म्हणाल तर पटलं, पण ‘खाली थंडीही कमी’ हे नाही पटत. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की गार हवा जड होऊन रात्रभर उतारावरून खाली साचते, धुकं न् धूरही तिथेच कोंडतो. थोडी वर असलेली घरं अशा रात्री बरेचदा जास्त उबदार असतात.

आणि ऊन! उत्तर गोलार्धात दक्षिण उतार बघा हे सगळेच सांगतात, समोरचा डोंगर कुणी मोजत नाही. ३२ अंश अक्षांशावर डिसेंबरअखेरीस सूर्य भर दुपारीही जेमतेम ३४-३५ अंश चढतो; दक्षिणेचा डोंगर अंगणातून त्याहून उंच दिसत असेल, तर ऊन अडलंच. नॉर्वेतल्या र्‍युकान गावात हिवाळ्यातले काही महिने ऊन पोचतच नाही. शेवटी २०१३ साली डोंगरावर आरसे लावून चौकात कवडसा आणला. आपल्याला कोण आरसे लावून देणार? शक्यतो घर डिसेंबरातच बघा. उन्हाळ्यात बघावं लागलं तर सूर्याचा मार्ग दाखवणारं मोबाइल अ‍ॅप अंगणात उभं राहून लावा, तारीख डिसेंबरची टाकून.