कानबाईचा रोट आणि आपली एकी

सचिव: नमस्कार मंडळी. वेगवेगळे कार्यक्रम नकोत, यंदा एकच 'एकता महोत्सव' घेऊ. घरटी ५०० रुपये. खान्देशच्या कानबाई देवीचा रोटही (नैवेद्य) सगळ्या फ्लॅटमध्ये वाटता येईल.

बी-४०२: भाऊ, रोट वाटत नसतात. आमच्याकडे तो भाऊबंदकीतच खातात, पुनवेच्या आत संपवायचा. दर्शनाला सगळे या. नागपंचमीनंतरचा रविवार, रात्रभर जागरण. फुगडीला बायका कमीच पडतात.

ए-१०१: मग एकी कसली? ज्याचं त्याच्या घरात!

बी-४०२: गेल्या वर्षी सोमवारी विसर्जनाला निघालो तर लिफ्ट बंद. कानबाई डोक्यावर घेऊन चार मजले उतरायचे होते. बी-३०१ च्या भाईंनी पहाटे उठून जिन्यातल्या सायकली, कुंड्या हलवल्या. रोट नव्हता खाल्ला त्यांनी.

बी-३०१: 🙏 दोन कुंड्या माझ्याच होत्या.

ए-१०१: बरं. पण पंधरा ऑगस्टला तरी शुद्ध मराठीत बोला. मागच्या वेळी अर्धं अहिराणीत, सासूबाईंना काही कळलं नाही.

ए-३०३ (मास्तर): ९ सप्टेंबर १९४२, नंदुरबार, इंग्रजांविरुद्धची मिरवणूक. शाळकरी शिरीषकुमारच्या हातात झेंडा आणि तोंडी घोषणा गुजराती: 'नहीं नमशे, नहीं नमशे, निशान भूमी भारतनुं'. गोळीबारात त्याच्याबरोबर गेले त्यांची आडनावं केतकर, वाणी, शहा. शुद्ध मराठीत घोषणा द्या, असं कुणी अडवलं नसावं! साने गुरुजी तर कोकणातल्या पालगडचे, आपल्या अमळनेरला शिक्षक झाले. आंतरभारती या आपल्या चळवळीत त्यांना सगळ्यांची एक भाषा करायची नव्हती, एकमेकांच्या शिकायच्या होत्या.

ए-१०१: मास्तर, तास भरला 😀 सासूबाईंचं सांगा.

बी-४०२: माझ्या शेजारी बसवा, सांगत जाईन. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीची कृती विचारायला येतात तेव्हा अहिराणी बरी कळते त्यांना.

ए-१०१: 😀😀 हे मात्र खरं.

सी-१०५: आजी सांगताहेत तसं टाइप करतोय: 'माले भाषन जमाव नही. गानं म्हनसू.'

सचिव: ठीक, महोत्सव रद्द. ज्याने त्याने आपल्या रीतीने करा, बोलावणं सगळ्यांना. नियम दोनच. जिना मोकळा आणि रात्री १० ला स्पीकर बंद. जागरणाची गाणी तोंडानेच म्हणा.

बी-४०२: आम्हाला कुठे स्पीकर लागतो?

ए-१०१: आणि ते ५०० रुपये?

बी-३०१: लिफ्टला लावा. रविवारच्या आत.