रॉयल वूस्टरचा जुना टी-सेट: वर्ष आणि किंमत कशी ठरवायची?

निळीबशी:
रॉयल वूस्टर या इंग्लंडमधल्या चिनीमातीच्या कारखान्याचा सेट बर्मिंगहॅममध्ये आहे. विमा उतरवायचा आहे, पुढेमागे विकायचाही विचार आहे. १२ कप, १२ बशा, ११ छोट्या प्लेटा, केकच्या २ मोठ्या प्लेटा, एक उघडं वाडगं आणि दुधाचा जग, असे ३९ नग. किटली नाही. तळाला जांभळट शिक्का: मुकुट, खाली वर्तुळ, मध्ये ५१, भोवती ‘रॉयल वूस्टर इंग्लंड’. बहुतेक नगांवर शिक्क्याभोवती १४ ठिपके, तीन बशांवर १५. नक्षी फुलांची, सही नाही. ठिपके वेगळे म्हणजे सेट जुळवलेला आहे का? किटली हरवली म्हणून किंमत पडेल का?

चिनीमाती:
ठिपक्यांचा हिशोब सोपा आहे. शिक्क्यात ‘इंग्लंड’ हा शब्द १८९१ पासून आला. १८९२ ला एक ठिपका, मग दरवर्षी एक वाढत १९१५ ला २४. म्हणजे तुमचे १४ म्हणजे १९०५ आणि १५ म्हणजे १९०६. दहापट भिंगाखाली, बाजूने उजेड पाडून पुन्हा मोजा. शिक्का पुसट उठला की एखादा ठिपका गायब होतो, आणि झिलईतला काळा कण ठिपका म्हणून मोजला जातो.

एका वर्षाच्या फरकाची काळजी नको. पांढरा माल आधी भाजून ठेवत आणि मागणीप्रमाणे रंगवत. दहा-बारा वर्षांचं अंतर असतं तर शंका घेतली असती. खरी जुळणी पाहायची ती तळाला हाताने लिहिलेल्या नक्षीच्या क्रमांकाची, सोनेरी मुलाम्याच्या छटेची, आणि कपाचं बूड बशीच्या खळग्यात नीट बसतं का त्याची. त्या तीन बशा या कसोटीवर तपासा.

तळाला ‘आरडी नंबर’ (ब्रिटनमधला डिझाइन नोंदणीचा क्रमांक) असेल तर त्यावरून वर्ष ठरवू नका. ही नोंदणी १८८४ मध्ये १ पासून सुरू झाली. तो नंबर आकार किंवा नक्षी कधी नोंदवली ते सांगतो. वस्तू त्यानंतर कितीही वर्षांनी घडलेली असू शकते.

भिंग:
किटली नसणं हा दोषच नाही. त्या काळात बोन चायनाचा सेट बरेचदा ४० नगांचा विकला जाई: १२ कप, १२ बशा, १२ प्लेटा, २ मोठ्या प्लेटा, जग, वाडगं. चहा चांदीच्या किटलीतून ओतत. तुमची कमी फक्त एका प्लेटेची आहे. ‘अपूर्ण’ म्हणून भाव पाडणाऱ्याला हे सांगा.

आता प्रत्येक नग तपासा. कप कानाने बोटावर लटकवून पेन्सिलीने हलकेच टिचकी मारा. स्वच्छ नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर चीर आहे. मग आत टॉर्च धरा, केसाएवढी चीर काळी रेघ होऊन दिसते. कान जिथे जोडलाय तिथे विशेष बघा, कप तिथेच तुटतात आणि तिथेच चिकटवतात. अंधारात ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च मारला की डिंक आणि नवा रंग आजूबाजूच्या झिलईपेक्षा वेगळा चमकतो. काठावरून नख फिरवा, टवका डोळ्याआधी नखाला कळतो.

मूल्यमापनाआधी ब्लीच अजिबात लावू नका. ते चिरेत मुरतं, क्षार धरतं आणि झिलई उचलतं. डिशवॉशरही नाही, सोनं आणि वरचे रंग जातात.

निळीबशी:
भिंगाखाली फुलांची बाह्यरेषा सगळ्या नगांवर तंतोतंत एकसारखी आहे, रंग मात्र काही ठिकाणी रेषेबाहेर गेलेत.

चिनीमाती:
म्हणजे रेषा छापील, रंग हाताने भरलेले. चांगलं काम, पण पूर्ण हातच्या चित्रांचा भाव याला मिळत नाही. वूस्टरचे चित्रकार जॉन स्टिंटनच्या हायलँड (स्कॉटिश) गायी किंवा रिचर्ड सेब्राइटची फळं सहीसकट असती तर प्रत्येक नगाची किंमत स्वतंत्र लागली असती.

दोन किमती वेगळ्या मागा. विम्यासाठी दुकानातून तसाच सेट पुन्हा घ्यायचा खर्च. विक्रीसाठी लिलावात प्रत्यक्ष मिळालेली रक्कम. दुसरी बरीच कमी निघते. नेटवरची मागितलेली किंमत धरू नका, ‘विकले गेले’ ही नोंद पाहा. त्या आकड्यात खरेदीदाराचं कमिशन धरलंय का ते विचारा. ते बहुतेक ठिकाणी २० ते ३० टक्के असतं आणि ते तुमच्या हाती येत नाही. विक्रेत्याचं कमिशन वेगळं कापतात.

मूल्यमापकाला पाठवताना सगळा सेट एका फोटोत, शिक्का जवळून, क्रमांक जवळून, आणि प्रत्येक टवक्याचा फोटो द्या. सोनं झिजलेले नग मोजून लिहा. लपवलेला टवका लिलावाच्या दिवशी सापडला, तर सगळ्या सेटवरचा विश्वास जातो.