जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य सल्लागार समितीवर जावे का?

कृष्णाकाठ

माझ्या धाकट्या भावाला बऱ्याच वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक महिन्यातून एकदा आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात येते. त्या दिवशी केसपेपर काढायचा, डॉक्टरांना भेटायचे आणि महिन्याभराच्या गोळ्या घेऊन परतायचे, असा आमचा शिरस्ता आहे. मात्र गोळ्या पुरेशा असतातच असे नाही. कधी कधी पंधराच दिवसांच्या मिळतात आणि उरलेल्या बाहेरून विकत घ्याव्या लागतात.

आता काही शुभंकर (म्हणजे रुग्णाची काळजी घेणारे घरचे), एका स्थानिक संस्थेचे कार्यकर्ते आणि दोन निवृत्त शिक्षक अशांची एक सल्लागार समिती नेमण्याचे जिल्हा रुग्णालयाने ठरवले आहे. काम विनावेतन असून तीन महिन्यांतून एकदा बैठक होईल. माझेही नाव सुचवले गेले आहे. जाण्याची मनापासून इच्छा आहे, पण अशा समितीला अधिकार तरी कोणता असतो, हे कळत नाही. जिथे भावाचे उपचार चालू आहेत, तिथल्याच त्रुटींवर बोट ठेवले तर त्याचा त्रास त्याला होईल का, अशीही धास्ती वाटते. शिवाय यादीत एकही शुभार्थी, म्हणजे स्वतः आजार असलेली व्यक्ती, नाही. विचारले तेव्हा, त्यांना बैठकीचा ताण झेपणार नाही, असे उत्तर मिळाले. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

माणगंगा

ताई, मी सरकारी रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक म्हणून नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. अधिकाराविषयी आधी लिहितो, कारण दोन वेगळ्या गोष्टींची इथे नेहमी गल्लत होते.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 हा कायदा 29 मे 2018 पासून लागू झाला. त्यात मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची तरतूद आहे. जिल्हा न्यायाधीश किंवा त्या पात्रतेची न्यायिक व्यक्ती अध्यक्ष, जिल्हाधिकाऱ्यांचा एक प्रतिनिधी, एक मनोविकारतज्ज्ञ, आणखी एक डॉक्टर, आणि उरलेले दोन सदस्य शुभार्थी, शुभंकर किंवा त्यांच्या संस्थांपैकी, अशी त्याची रचना आहे. एखाद्याला मनाविरुद्ध दाखल करून ठेवले असेल, किंवा उपचारांत हयगय झाल्याची तक्रार असेल, तर हे मंडळ ती ऐकून आदेश देऊ शकते. तुमच्या समितीला तसा आदेश देता येणार नाही, म्हणून एखाद्या रुग्णाची तक्रार तिथे सोडवू पाहू नये. ती मंडळाकडेच न्यावी.

समितीचा उपयोग आहे तो रोजच्या व्यवस्थेकडे पाहण्यासाठी, आणि तुम्ही लिहिलेला गोळ्यांचा प्रश्न नेमका तिच्याच कक्षेतला आहे. याच कायद्याच्या कलम 18 नुसार अत्यावश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजारांवरची औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सर्व सरकारी दवाखान्यांत, सर्व काळ आणि विनामूल्य उपलब्ध असायला हवीत. आपल्याकडे ग्रामीण रुग्णालय त्याच पायरीवर मोडते. म्हणजे तिथल्या गोळ्यांवर रुग्णाचा हक्क आहे.

तरीही तुटवडा कागदावर का दिसत नाही, हे माझ्या नोकरीत मी जवळून पाहिले आहे. पथक जिल्ह्याहून निघताना औषधांची खोकी गाडीत घालून आणते. खिडकीवर शेवटच्या रुग्णांपर्यंत गोळ्या पुराव्यात म्हणून औषधनिर्माता (फार्मासिस्ट) प्रत्येकाला निम्म्या देतो, आणि त्यात त्याचा हेतू चांगलाच असतो. मात्र नोंदवहीत सगळ्यांपुढे ‘औषध दिले’ एवढेच लिहिले जाते. पुढचे मागणीपत्र झालेल्या खपावरून तयार होते, आणि खप तर निम्म्या गोळ्यांचाच दिसतो. त्यामुळे पुढच्या वेळीही तेवढाच साठा येतो. हे चक्र तोडायला फार मोठा निधी लागत नाही. नोंदवहीत ‘किती दिवसांचे लिहून दिले’ आणि ‘किती दिवसांचे मिळाले’ असे दोन रकाने वाढवावे लागतात. पहिल्याच बैठकीत ही मागणी लेखी द्या आणि पुढच्या प्रत्येक बैठकीत त्या दोन रकान्यांची बेरीज मागा. रुग्णांची नावे अजिबात मागू नका, नुसते आकडे मागा.

आणखी एक अट नेमणुकीच्या पत्रातच घालून घ्या. समितीचे इतिवृत्त जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आणि रुग्णालयाच्या व्यवस्थापनासाठी असलेल्या रुग्ण कल्याण समितीकडे जायला हवे, आणि त्यातल्या प्रत्येक सूचनेला पुढच्या बैठकीआधी लेखी उत्तर मिळायला हवे. रुग्ण कल्याण समितीच्या हाती थोडाफार पैसा असतो. तुमच्या समितीच्या हाती तो नसेल. उत्तराची अट मान्य नसेल तर मी तरी नाव देणार नाही.

सातासमुद्रापार

मी कॅलिफोर्नियात राहते आणि आमच्या काउंटीच्या (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) अशाच सल्लागार मंडळाच्या बैठकांना नागरिक म्हणून जाते. तुलना उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहे. इथे राज्याच्या कायद्यानेच प्रत्येक काउंटीत असे मंडळ असावे लागते. निम्मे सदस्य स्वतः सेवा घेणारे किंवा त्यांचे कुटुंबीय असले पाहिजेत. त्यातही किमान 20 टक्के सेवा घेणारे आणि किमान 20 टक्के कुटुंबीय, असे वेगवेगळे प्रमाण ठरलेले आहे. नुसते ‘रुग्ण किंवा नातेवाईक’ असे म्हटले असते, तर सगळ्या जागा आमच्यासारख्या नातेवाइकांनीच भरल्या असत्या, असे मला प्रत्येक बैठकीत जाणवते.

हे मंडळही सल्लाच देते. पण नियमित बैठकीची विषयपत्रिका 72 तास आधी लावावी लागते, बैठक कोणालाही पाहता येते, कोणालाही उठून बोलता येते, आणि मंडळाला काउंटीचा कारभार पाहणाऱ्या निर्वाचित पर्यवेक्षकांपुढे वार्षिक अहवाल मांडावा लागतो. सेवांच्या खर्चाच्या आराखड्यावर जाहीर सुनावणीही हेच मंडळ घेते. वर्तमानपत्राचा बातमीदार मागच्या खुर्चीवर बसलेला असला की अधिकाऱ्यांची उत्तरे बरीच नेमकी येतात. 2024 मध्ये राज्यातल्या मतदारांनी मंजूर केलेल्या कायद्यातल्या बदलानंतर व्यसनमुक्तीच्या सेवाही या कक्षेत आल्या आणि त्याच पैशात आणखी वाटेकरी आले, त्यामुळे हल्ली वाद वाढले आहेत. कृष्णाकाठ, तुमच्या समितीची विषयपत्रिका निदान बाह्यरुग्ण विभागाच्या फलकावर आधी लावली जाईल, एवढे तरी मागाच.

निळी वही

मला बायपोलर आजार आहे, मी त्यावरचे लिथियम हे औषध घेतो आणि नोकरीही करतो. आम्हाला बैठकीचा ताण झेपणार नाही हे कोणी ठरवले? न्यायाधीश अध्यक्ष असलेल्या मंडळावर कायदा आम्हाला बसू देतो, मग तालुक्यातल्या बैठकीला आम्ही अपात्र कसे ठरतो?

शुभंकरांविषयी मला कृतज्ञता आहे, पण त्यांचे आणि आमचे प्रश्न एकच नसतात. घरच्यांना खाटांची संख्या, दाखल करून घेण्याची सोय, रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा, या गोष्टींची चिंता असते आणि ती रास्तच आहे. आम्ही विचारू ते वेगळे. लिथियमची रक्तातली पातळी तपासायला दर वेळी जिल्ह्याच्या गावी का जावे लागते? गोळ्यांनी हात थरथरतात किंवा वजन वाढते, हे सांगितल्यावर डॉक्टर माझ्याऐवजी माझ्या वडिलांकडे बघून का उत्तर देतात? दाराशी उभे राहून सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात आजाराचे नाव घेऊन का पुकारतात? आजाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क याच कायद्याच्या कलम 23 ने दिला आहे. नंबर पुकारल्याने काम भागते.

एकट्या शुभार्थीला मात्र बोलावू नका, दोघांना बोलावा. पाच-सहा अधिकाऱ्यांपुढे एकटा माणूस बोलत नाही, आणि एखाद्याची तब्येत बिघडली तरी दुसरा असतो. बैठक सकाळी लवकर नको. रात्रीच्या गोळ्यांची झापड उतरायला वेळ लागतो.

गावठाण

महाराष्ट्रात 2007 पासून आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेखीचे काम झाले. पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि तेव्हाचा उस्मानाबाद हे पहिले पाच जिल्हे. गावोगावी लाल, पिवळ्या, हिरव्या रंगांत सेवांची प्रगतिपत्रके भरली जात आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना लोकांसमोर उत्तर द्यावे लागे. मी त्यात कार्यकर्ता होतो. मनोविकाराच्या बाबतीत जनसुनवाई तशीच्या तशी चालणार नाही, कारण गावासमोर उभे राहून ‘माझ्या मुलीला गोळ्या मिळाल्या नाहीत’ असे सांगायला आई धजावत नाही. म्हणून माणगंगांनी सुचवलेला निनावी आकड्यांचा मार्ग मला पटतो. कृष्णाकाठ, तुमच्या धास्तीवरही तोच उपाय आहे. तुटवड्याचा आकडा समितीचा असतो, तो कोणा एकीच्या भावाच्या नावावर जात नाही. अधिकाऱ्याची बदली झाली की समिती बंद पडते, हा अनुभव मात्र फार ठिकाणचा आहे. नेमणूक पदाच्या नावाने आणि लेखी असू द्या.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल भावाला हे सगळे वाचून दाखवले. पुकारण्याविषयीचा भाग त्याने पुन्हा वाचायला सांगितला आणि म्हणाला, ‘मी येईन, पण आधी नुसता बसेन.’ आता अडचण अशी की बैठक जिल्ह्याच्या गावी ठेवली आहे. आमच्यासारख्यांना एसटीचे भाडे परवडेल. पण त्याच्या ओळखीचा जो दुसरा शुभार्थी यायला तयार आहे, तो हमालीवर जातो. त्याचा दिवसाचा रोज बुडेल.

माणगंगा

तर मग बैठक ग्रामीण रुग्णालयात, पथक येते त्याच दिवशी, औषधवाटप संपल्यावर दुपारी ठेवावी अशी मागणी करा. शुभार्थी त्या दिवशी तिथे येतातच, त्यांचा वेगळा खाडा होत नाही, आणि अधिकाऱ्यांनाही नोंदवही त्याच टेबलावर उघडून दाखवता येते. सदस्यांचा प्रवासखर्च आणि रोजंदारीवरच्या सदस्याची भरपाई रुग्ण कल्याण समितीने द्यावी, असा ठराव पहिल्याच इतिवृत्तात घ्या. दोन शुभार्थी घेण्यास नकार मिळाला, तर त्या नकाराचे कारण इतिवृत्तात शब्दशः लिहून घ्या आणि मगच सही करा.